जेवताना मोबाइल: तुमच्याकडे काय चालतं? (खरं खरं सांगा)

टेकडीवाली
सोमवार, रात्री ११:१०

मुलीला (वय सव्वातीन) कोथरूडमधल्या एका बालवाडीत घातलंय. शनिवारी पालकसभा होती. आम्ही बारा आया आणि दोन बाबा त्या लाल-पिवळ्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसलो होतो. बाईंनी एक फॉर्म वाटला. ॲलर्जी आहे का, रक्तगट कोणता, शी-शू सांगते का, वगैरे. सातवा प्रश्न: मूल रोज किती वेळ स्क्रीन पाहतं? पर्याय चार: अजिबात नाही, ३० मिनिटांपर्यंत, १ तासापर्यंत, १ तासापेक्षा जास्त.

मी ३० मिनिटांवर टिक केली. हात अडखळलासुद्धा नाही. शेजारच्या बाईंनी 'अजिबात नाही'वर केली. त्यांचा मुलगा तेव्हा त्यांच्याच मांडीवर बसून त्यांच्याच मोबाइलवर जेसीबी बघत होता, आवाज बंद करून. मी पाहिलं ते त्यांनी पाहिलं. मग आम्ही दोघी जे हसत सुटलो, ते बाईंनी "काही शंका आहे का?" विचारेपर्यंत.

घरी येऊन फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन हिशेब काढला. रोजचे १ तास ५० मिनिटं. सकाळी डबे होईपर्यंत २०, दुपारी सासूबाई भरवतात तेव्हा ३५ (त्यांचाही फोन तपासला), रात्रीच्या जेवणाला ३५ आणि संध्याकाळी माझा ऑफिसचा कॉल चालू असतो तेव्हा २०. टीव्ही यात धरलेला नाही.

नियम मला पाठ आहेत, हीच तर गंमत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय की १ वर्षाच्या आत स्क्रीन नकोच, २ ते ४ वर्षांना १ तासाच्या वर नको, कमी तितकं बरं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०२२ मध्ये तेच म्हटलं: २ वर्षांपर्यंत नाही, २ ते ५ ला जास्तीत जास्त १ तास, तोही मोठं माणूस शेजारी बसलेलं असताना. हे सगळं मी ऑफिसात डबा खाताना मैत्रिणींना ऐकवतेसुद्धा. आणि घरी फोन उभा ठेवायचा स्टँड आणलाय. वरणाचे शिंतोडे पुसता येतील असा बघून आणलाय.

तेव्हा स्क्रीन चांगली की वाईट यावर इथे काथ्याकूट नको. तुमच्याकडे प्रत्यक्षात किती, कधी आणि कोणामुळे, ते सांगा.

खिडकीतली मांजर
सोमवार, रात्री ११:२४

आमच्याकडे 'अजिबात नाही'. म्हणजे बाबा घरी असताना अजिबात नाही. बाबा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर असतात.

जुना पेठकर
मंगळवार, रात्री १२:४०

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आमच्या लहानपणी सदाशिव पेठेतल्या वाड्यात चौदा बिऱ्हाडं होती. कोणतं पोर कोणाच्या घरी जेवलं याचा पत्ता रात्री अंथरुणं घालताना लागायचा. रडणाऱ्या पोराला कोणी फोन दाखवला नाही. रविवारी पेशवे पार्कात फुलराणी ही छोटी आगगाडी, एक फेरी मारली की आठवडा जायचा. ती गाडी १९५६ पासून तीन-चार पिढ्यांना पुरली. आजच्या आईबापांना पैसा आहे, वेळ नाही. मूल म्हणजे सांभाळायची कटकट झाली आहे.

खिडकीतली मांजर
मंगळवार, सकाळी ७:०२

काका, चौदा बिऱ्हाडं म्हणजे तुमच्या आईच्या हाताशी तेरा काकू होत्या. आमच्या मजल्यावर चार फ्लॅट आहेत. दोन बंद असतात आणि तिसऱ्यात एक कुत्रा राहतो.

आणि रात्री बारा चाळीसला तुम्ही कशावर टाइप करत होतात? (हलके घ्या.)

कोडकरी बाबा
मंगळवार, सकाळी ९:४८

हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून लिहितोय, गाडी मी चालवत नाहीये.

मुलगा साडेचार वर्षांचा. मी मोठ्या उत्साहानं टॅबला पालकांचं कुलूप लावलं. रोज ४५ मिनिटं, मग आपोआप बंद. पहिल्या आठवड्यात लेकाला कळलं की आजीच्या फोनला कुलूप नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यानं टॅब खिडकीपाशी तिरका धरला, काचेवरच्या तेलकट बोटांच्या ठशांवरून माझा पॅटर्न ओळखला आणि उघडला. माझ्या टीममधल्या निम्म्या लोकांना हे सुचलं नसतं. रागवावं की पाठ थोपटावी कळेना, शेवटी दोन्ही केलं.

कुलपापेक्षा दुसरी गोष्ट कामी आली. रडारड व्हायची ती बघण्यावरून नाही, मधेच बंद करण्यावरून. ते व्हिडिओ संपतच नाहीत हो. एक संपायच्या आत पुढचा सुरू, तशीच त्याची रचना आहे. आपण तेराव्या मिनिटाला येऊन हिसकावतो, तेव्हा त्याच्या लेखी आपण भर वाक्यात तोंडावर हात ठेवतो. आता मी तीन गोष्टी टॅबवर उतरवून ठेवतो आणि इंटरनेट बंद करतो. तिसरी संपली की पुढे काहीच येत नाही. तो स्वतःच "संपलं" म्हणून टॅब पालथा घालतो. दहातल्या सात वेळा. उरलेल्या तीन वेळांबद्दल शेजारी सांगतील.

आज्जी नं. १
मंगळवार, दुपारी २:३५

नातू आत्ताच झोपला म्हणून लिहायला बसले. सासूबाई पक्षाकडून कोणीतरी बोलायला हवं.

वय ६८, दोन्ही गुडघे गेलेले. बाणेरला अकराव्या मजल्यावर सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेसात मी आणि अडीच वर्षांचा नातू. मुलगा-सून दोघंही गुणी आहेत, तक्रार नाही. सून रोज निघताना सांगते, "आई, मोबाइल देऊ नका हं." आणि माझा फोन चार्जिंगला लावून जाते.

चिऊ-काऊची गोष्ट सहा घासांपर्यंत चालते. सातव्याला तो उठतो. मग मी वाटी घेऊन मागे मागे, दिवाणखाना, बाल्कनी, मोरीचं दार. बाल्कनीशी माझा जीव वरखाली होतो. मोबाइल लावला की एका जागी बसून वीस घास. संध्याकाळी सून विचारते "जेवला का?", तेव्हा मला "हो" म्हणायचं असतं. इतकंच आहे ते.

पण एक खरं सांगते. परवा भरवताना वरणभाताऐवजी चुकून माझ्या ताटातली मिरची घातलेली आमटी गेली. त्यानं गिळली. तोंडसुद्धा वाकडं केलं नाही, डोळे पडद्यावर. मग ठसका लागला. तेव्हा वाटलं, हा जेवत नाहीये, मी डबा भरतेय.

टेकडीवाली
मंगळवार, दुपारी ३:१०

आज्जी, चार्जिंगला लावून जाते ते वाचून ऑफिसात मोठ्यानं हसले आणि मग गप्प बसले. मीही तेच करते.

स्वरयंत्र
मंगळवार, रात्री ९:५५

मी वाचा-उपचाराचं काम करते, म्हणून जरा लांबण लावते.

माझ्याकडे अडीच-तीन वर्षांची मुलं येतात. इंग्रजीत वीसपर्यंत आकडे, रंगांची नावं, एबीसीडी, सगळं घडाघडा. आईबाबा कौतुकानं म्हणून दाखवायला लावतात. मग मी पाण्याचा ग्लास मुलाला दिसेल पण हाताला लागणार नाही असा ठेवते आणि थांबते. तहान लागलेलं मूल माझा हात धरून ग्लासाकडे ओढतं. "पाणी दे" येत नाही. ऐकलेलं परत म्हणणं आणि दुसऱ्याकडे काही मागणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलणं हे चेंडूसारखं असतं. मूल "काऊ" म्हणतं, आपण "कुठेय काऊ? उडाला?" म्हणून परत टाकतो. व्हिडिओ चेंडू फेकत राहतो, परत आलेला झेलत नाही. दोन-अडीच वर्षांपर्यंतची मुलं तीच गोष्ट समोरच्या माणसाकडून जेवढी शिकतात तेवढी पडद्यावरून शिकत नाहीत, हे अभ्यासांमधून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

व्हॉट्सॲपवर 'व्हर्च्युअल ऑटिझम' नावाचं जे फिरतं, त्यानं घाबरून जाऊ नका. डॉक्टर निदानासाठी जे डीएसएम-५ हे पुस्तक वापरतात, त्यात तसं निदान नाही. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, मोबाइलमुळे होते असं आईला सांगणं म्हणजे तिला नसलेल्या गुन्ह्यात अडकवणं. उलट बाजूही आहे. "मोबाइल बंद केला की बोलेल आपोआप" म्हणून लोक वर्ष काढतात आणि मूल चार वर्षांचं झाल्यावर येतात. मूल बोलत नसेल तर पहिल्यांदा कान तपासा. खरंच. इतकी साधी गोष्ट राहून जाते.

आणि कोणी बघत नसताना चालू असलेला टीव्ही. धागाकर्तीनं तो हिशेबात धरला नाही म्हणून सांगते. तो चालू असला की घरातली मोठी माणसं मुलाशी कमी बोलतात. मुलाला मालिका कळत नाही, पण तिच्यामुळे आपण गप्प होतो ना.

दूरदेशीची बायको
मंगळवार, रात्री १०:३०

स्वरयंत्र, व्हिडिओ कॉलचं काय? नवरा जहाजावर असतो, सहा-सहा महिने. लेक एक वर्ष दहा महिन्यांची. तिचा बाबा फोनमध्येच राहतो. रोज त्याला घास भरवते, माझ्या कॅमेऱ्यावर कायम दहीभाताचा डाग असतो. रेंज गेली की फोन उलटा करून मागे बघते, तिथे आहे का म्हणून. आमच्या सासरी एक नणंद आहे, ती "दोन वर्षांच्या आत स्क्रीन!" म्हणून डोळे मोठे करते.

स्वरयंत्र
मंगळवार, रात्री १०:४१

नणंदेला सांगा, बालरोगतज्ज्ञांच्या ज्या सूचनांवर ती बोट ठेवते आहे त्यांतच नातेवाइकांशी व्हिडिओ कॉलला सूट आहे. कारण तिकडून चेंडू परत येतो. तुम्ही शेजारी बसा आणि रेंज गेली की "बाबाची रेंज गेली, परत येईल" एवढं बोला. डाग राहू दे.

चष्मेबद्दूर
बुधवार, सकाळी ८:१५

मुलगा सहा वर्षांचा, गेल्या महिन्यात चष्मा लागला, दीड नंबर. मला वाटलं डॉक्टर मोबाइलवरून झापतील. झापलंच, पण आधी विचारलं, "हा उन्हात किती वेळ असतो?" जवळचं बघणं एक कारण आहे, घरात कोंडलेलं असणं दुसरं. घरातल्या ट्यूबलाइटखाली उजेड असतो काही शे लक्स, बाहेर दिवसा दहा हजारांच्या वर सहज जातो. त्या उजेडानं डोळ्याच्या पडद्यात डोपामीन नावाचं रसायन सुटतं आणि डोळ्याचा गोळा लांबट वाढायला आळा बसतो, असं त्यांनी कागदावर काढून दाखवलं. तैवाननं २०१० पासून शाळांमधून रोज १२० मिनिटं मुलांना बाहेर काढायला सुरुवात केली ती यासाठीच.

म्हटलं ठीक, आजपासून दोन तास बाहेर. खाली उतरलो. आमच्या सोसायटीत पाट्या: 'पार्किंगमध्ये चेंडू खेळू नये', 'हिरवळीवर चालू नये', 'दुपारी २ ते ५ शांतता पाळावी'. मूल लिफ्टनं खाली नेलं आणि लिफ्टनं वर आणलं. मधल्या काळात वॉचमनशी गप्पा झाल्या.

जुना पेठकर
बुधवार, सकाळी १०:२०

वरची 'कटकट' मागे घेतो. रात्री बारा चाळीसला आयपॅडवर बुद्धिबळ खेळत होतो, हेही कबूल.

चष्मेबद्दूर, पाट्या लावणाऱ्या सोसायटी कमिटीत माझ्या वयाचेच लोक असतात. आमच्या इमारतीतली चेंडूची पाटी मीच लिहिली आहे. सुवाच्य अक्षर म्हणून मला सांगितलं होतं.

सांगलीकर पुण्यात
बुधवार, दुपारी १:०५

आमच्या जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे, कडेगाव तालुक्यात. २०२२ पासून तिथे संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद. पोरं अभ्यासाला, मोठे गप्पांना. करोनात पोरांना मोबाइल हातात देऊन बसवलं होतं, ते सुटेना म्हणून गावानं ठरवलं. मुद्दा असा की एकट्या आईनं ठरवलं नाही. गावानं ठरवलं.

कोडकरी बाबा
बुधवार, दुपारी १:२०

आमच्या सोसायटीत भोंगा बसवला तर ७:०१ ला ग्रुपवर आवाजाची तक्रार येईल. मोबाइलवरूनच.

पोळीवाली ताई
बुधवार, रात्री ११:४५

मी वारज्यात राहते. तीन घरी पोळ्या-भाजीचं काम करते. इथे पाककृती वाचायला येते, आज पहिल्यांदा लिहिते आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे मोबाइल जास्त झाला म्हणता. आमच्या घरात एकच मोबाइल. तो मालक घेऊन जातात, त्यांचं पार्सल पोचवायचं काम आहे. शाळेचा अभ्यास व्हॉट्सॲपवर चार वाजता येतो, मोबाइल घरी येतो अकराला. तोवर पोरगी झोपलेली असते. मी तो अभ्यास वहीत उतरवून ठेवते, ती सकाळी उठून करते. आत्ता तेच करून झालं. करोनात थोरली पहिलीला होती. सरकारनं तेव्हा सांगितलं होतं म्हणे, पहिली ते आठवीला दिवसाला दोनच ऑनलाइन वर्ग घ्यायचे, प्रत्येकी अर्धा ते पाऊण तास. आमच्या थोरलीला ते दोनसुद्धा मिळाले नाहीत, कारण तेव्हा मालकांचं काम बंद, पण फोनमध्ये पैसे भरायलाही पैसे नव्हते. ती वाचायला तिसरीत शिकली.

मी ज्या घरी जाते तिथल्या वहिनी मला सांगतात, "ताई, बाळासमोर फोन काढू नका." मी काढत नाही. माझ्याकडे नसतोच. बाळ माझ्या पायाशी येऊन बसतं. मी त्याला कणकेचा गोळा देते. तो त्याचा उंदीर करतो, चपटा करतो, परत गोळा. अकरा पोळ्या होईपर्यंत गप्प. वहिनी म्हणतात, "तुमच्याकडे कसा काय शांत बसतो?"

टेकडीवाली
गुरुवार, सकाळी ७:५०

ताई, लिहीत जा हो. अकरानंतर का होईना.

तुमचा प्रतिसाद वाचून मी रात्री जागीच होते. 'कोणामुळे' असं मीच वर विचारलं होतं आणि उत्तर माझ्या मनात आधीच होतं: सासूबाईंमुळे. हिशेब पुन्हा पाहिला. ११० मिनिटांतली त्यांची ३५, माझी ७५.

खिडकीतली मांजर
गुरुवार, सकाळी ९:१२

आणि नवऱ्याची?

टेकडीवाली
गुरुवार, सकाळी ९:१५

शून्य. तो तिला मोबाइल कधीच देत नाही. भरवतही नाही.

खिडकीतली मांजर
गुरुवार, सकाळी ९:१६

तरीच बिचारे बाबालोक तत्त्वाला इतके पक्के असतात.

कोडकरी बाबा
गुरुवार, सकाळी ९:४०

ऐकतोय. (ट्रॅफिक आहे, पळता येत नाही.)

निशाचर आई
शुक्रवार, रात्री १:३०

थोडं अवांतर. झोपेबद्दल कोणीच बोललं नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनं चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ च्या आधी भरवू नका असा निर्णय काढला, कारण मुलं रात्री उशिरा झोपतात आणि सकाळी पेंगतात. तेव्हा आमच्या शाळेच्या ग्रुपवर पालकांनीच विरोध केला होता. नऊची शाळा असेल तर आम्ही ऑफिसला कसे पोचायचे, म्हणून. मी पण हात वर केला होता. आमच्याकडे नऊला जेवण, दहाला बाबा येणार, साडेदहाला त्याच्याबरोबर 'थोडंसंच' बघणार. बाबा भेटायची वेळ तीच. ती कशी काढून घेऊ?

टेकडीवाली
पुढचा शुक्रवार, रात्री १०:०५

हा धागा आठ दिवसांनी वर आणतेय.

आधी फॉर्मचं. सोमवारी बालवाडीत जाऊन म्हटलं, माझं सातवं उत्तर चुकलंय, बदलायचंय. बाईंनी गठ्ठा काढला, चाळला आणि म्हणाल्या, "राहू द्या हो. सगळ्यांनी अर्धा तासच लिहिलाय. एकीनं शून्य." मला ती एक कोण ते माहीत आहे.

रात्रीच्या जेवणाचा मोबाइल बंद केला. पहिले तीन दिवस वाईट गेले. चार घास, भोकाड, दूध पिऊन झोप. सासूबाई शेजारच्या खोलीतून "उपाशी झोपवलं पोरीला" एवढंच, पण दर पाच मिनिटांनी. चौथ्या दिवशी नवऱ्याला भरवायला बसवलं. त्याला चिऊ-काऊ येत नाही, म्हणून त्यानं तिला त्यांच्या ऑफिसातलं भांडण सांगितलं, कोणी कोणाचा कोड बिघडवला ते. तिनं बारा घास खाल्ले आणि विचारलं, "मग तो काका ललला का?" आता रोज त्या काकाचा पुढचा भाग लागतो.

दुपारच्या ३५ ला हात लावलेला नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांना मी पर्याय देऊ शकत नाही, तोवर बोलायचा हक्कही नाही. संध्याकाळची २० माझ्या कॉलची, तीही तशीच. रविवारी हॉटेलात सगळंच वाहून गेलं, ते मोजलं नाही.

सकाळची २० मात्र गेली. ओट्याखाली पाट मांडला आणि ताईंचा कणकेचा गोळा. पीठ केसात, पीठ मांजराच्या वाटीत, माझा डबा दहा मिनिटं उशिरा. काल तिनं उंट केला. उंट होईपर्यंत कोणी हलायचं नाही असा हुकूम होता, त्यात नवऱ्याची कंपनीची बस चुकली. तो आता या धाग्याच्या विरोधात आहे.

जुना पेठकर
शुक्रवार, रात्री १०:३०

उंटाचं पुढे काय झालं?

टेकडीवाली
शुक्रवार, रात्री १०:३४

भाजला. सासूबाईंनी तूप लावून खाल्ला.